कोणीच न घेतलेली माघार

१

‘अर्जदाराच्या पतीच्या लेखी विनंतीवरून अर्ज मागे घेण्यात आला असून फाइल बंद करण्यात येत आहे.’

पत्रात कामाचं वाक्य एवढंच होतं, बाकी सगळा सरकारी भुसा. शिक्केबाईंनी ते दोनदा वाचलं आणि आधी समोर उभ्या असलेल्या मुलीला खुर्चीत बसवलं.

शिक्केबाईंचं हे नाव त्यांच्या कामामुळे पडलं होतं. परदेशातून आलेल्यांचे जन्माचे, लग्नाचे, घटस्फोटाचे दाखले त्या इथल्या भाषेत उतरवून देत आणि खाली आपला गोल शिक्का मारत. तो असला की कुठल्याही कचेरीत कागद अडत नसे. एकतीस वर्षं हेच काम. या काळात त्यांच्या भाषांतरात चूक निघाली असं कोणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

समोरची मुलगी चष्म्याची भिंगं घासायची. सगळे तिला भिंगवाली म्हणत. ती चार वर्षांपूर्वी कामाच्या परवान्यावर या देशात आली. दोन वर्षांपूर्वी तिने इथल्याच एका लिफ्ट मेकॅनिकशी लग्न केलं आणि त्या लग्नाच्या आधारावर कायम वास्तव्याचा अर्ज दिला. दाखले, फोटो, घरभाड्याचे कागद, शेजाऱ्यांची पत्रं गोळा करता करता वर्ष गेलं. आता फक्त मुलाखत उरली होती.

“मेकॅनिकने असं काही लिहून दिलंय?” बाईंनी विचारलं.

“तो म्हणतो नाही. शपथेवर नाही म्हणतो.”

“मग रडतेस कशाला? चूक झाली असेल कचेरीची.”

“बाई, पत्रावरची तारीख बघा ना.”

बाईंनी पाहिली. पत्र सव्वीस दिवसांपूर्वीचं होतं. हरकत घ्यायची मुदत तीस दिवस.

“आणि हे इतके दिवस होतं कुठे?”

भिंगवाली हळूच म्हणाली, “ताईंच्या ड्रॉवरमध्ये. मी मोजायची टेप शोधत होते. शिलाईच्या दोऱ्यांखाली घडी घालून ठेवलं होतं.”

ताई म्हणजे तिची नणंद.

२

वास्तव्य कचेरीत टोकन घेऊन बसायचं, आकडा लागला की काचेपुढे जायचं आणि काचेला जिथे भोक आहे तिथे तोंड न्यायचं. शिक्केबाई या भोकातून बोलण्यात तरबेज होत्या. पाऊण तासात हरकतीचा अर्ज आत गेला, शुक्रवारी अकराची सुनावणी मिळाली आणि फाइल पाहायला दहा मिनिटं.

माघारीचं पत्र सगळ्यात वर होतं. तीन ओळी, टाइप केलेल्या. ‘माझ्या पत्नीचा, जन्मतारीख अमुक, फाइल क्रमांक तमुक, कायम वास्तव्याचा अर्ज मी मागे घेत आहे. आमचं पटत नाही.’ खाली सही.

भिंगवाली पुटपुटली, “सही त्याचीच आहे.”

“नीट बघ.”

“दिवसभर सूतभर फरक पकडण्याचंच काम करते मी, बाई. त्याचीच आहे. आणि वरची तारीख... त्या दिवसांत आमचं भांडण झालं होतं. मला स्वतःचं वर्कशॉप काढायचंय, त्याला भीती वाटते. दोन दिवस बोललो नव्हतो.”

बाई कागद बोटांनी चाचपत होत्या. फाइलमधल्या बाकीच्या कागदांपेक्षा तो दोन बोटं आखूड होता. वरची कड किंचित तिरकी, पट्टी न लावता कात्रीने कापल्यासारखी. सहीच्या उजवीकडे काहीतरी बारीक खरडलेलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून डोळा जवळ नेला. १०:४०.

अर्जावर सही करताना वेळ कोण लिहितं?

मग त्यांची नजर पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. जन्मतारखेवर. अकरा तारीख, चौथा महिना.

भिंगवालीचा जन्म चार तारखेचा, अकराव्या महिन्यातला. तिच्या देशात महिना आधी लिहितात, तारीख नंतर. वर्षापूर्वी तिच्या दाखल्याचं भाषांतर करताना एका माणसाने घाईत ते उलटं लिहिलं होतं.

तो माणूस म्हणजे त्या स्वतः.

३

कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांना सगळं लख्ख आठवलं. शुक्रवारी दाखला दिला, शनिवारी आपली नोंदवही चाळताना चूक दिसली, आणि सोमवारी सकाळी त्यांनी मुलीला निरोप धाडला, ‘शिक्का नीट उमटला नव्हता, बदलून देते.’ चूक झाली असं म्हणायला जीभ वळली नव्हती. चुकीचा कागद परत येताच त्यांनी तो स्वतःच्या हाताने फाडला होता. जगात ती चूक फक्त तीन दिवस होती.

म्हणजे माघारीचं पत्र लिहिणाऱ्याने त्याच तीन दिवसांत तो कागद पाहिला होता, आणि नुसता पाहिला नव्हता, उतरवून किंवा झेरॉक्स काढून ठेवला होता.

“मुली, मी दिलेला पहिला दाखला आठवतो? शिक्का बदलून दिलेला? तो सोमवारपर्यंत कुठे कुठे फिरला?”

“तुमच्याकडून निघाले ती कामावर गेले. मालकांनी परवान्याच्या फाइलसाठी एक झेरॉक्स काढून घेतला. संध्याकाळी आमचे फॉर्म भरून देणाऱ्या अर्जमास्तरांना दाखवला, त्यांनी ठेवून घेतला थोडा वेळ. मग घरी. ताईंच्या कपाटात. का?”

“सहज.” बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी इतकं खोटं कधी ‘सहज’ म्हटलं नव्हतं.

तीन घरं. तीन माणसं. आणि नवऱ्याची सही. नवरा तर दाखला रोजच पाहू शकत होता, पण बायकोचा वाढदिवस विसरणारे नवरे असतात, चुकीच्या तारखेला धरून बसणारे नसतात. तरी बाईंनी त्याला यादीतून काढलं नाही. आधी ताई.

ताई त्याच घराच्या खालच्या मजल्यावर पडदे शिवायच्या. भाऊ सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून त्याची आई त्याच. लग्नाला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी कधी लपवला नव्हता. बाई आत गेल्या तेव्हा त्या मशीनवर वाकलेल्या होत्या. पायही थांबला नाही.

“पत्र तुम्ही लपवलंत?”

“हो.” मशीन घरघरत राहिलं. “आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा लपवीन.”

बाईंच्या मागून आलेली भिंगवाली दारातून पुढे झाली. बाईंनी तिला हाताने थांबवलं. “का, ते सांगाल?”

ताईंनी मशीन थांबवलं. “मी टपालाची पेटी उघडली, पत्र वाचलं. वाटलं, माझ्याच भावाने तोडलंय. आठवडाभर दोघांचे चेहरे बघत होते मी. मग म्हटलं, हिच्या हाती हे पडलं तर ही बॅग भरेल. आणि एकदा बॅग भरली की माणूस परत येत नाही. महिनाभर दडवलं तर तोवर त्यांचं जुळेल, मग तो स्वतःच जाऊन दुरुस्त करेल. मला काय ठाऊक तीस दिवसांची मुदत असते! खालचं बारीक कोण वाचतं?”

“पण तुम्हाला तर मी नको होते ना?” भिंगवालीने विचारलं.

“नको होतीस,” ताई म्हणाल्या. त्यांनी दोरा दाताने तोडला. “दोन वर्षांपूर्वी. तू आल्यापासून तो वेळेवर जेवतो. मी काय आंधळी आहे?”

भिंगवालीने पुढे होऊन जमिनीवर पडलेल्या पडद्याची कड उचलून धरली, ताईंनी पुन्हा मशीनवर पाय ठेवला. शिक्केबाई गुपचूप बाहेर पडल्या. ताई खरं बोलत होत्या असं त्यांचं मन सांगत होतं. पण मनाच्या सांगण्यावर त्यांनी आजवर एकाही कागदावर शिक्का मारला नव्हता.

४

अर्जमास्तरांचं ऑफिस म्हणजे अर्धी खोली, त्यात सोळा कपाटं आणि एक पंखा. लोकांचे फॉर्म भरून देणं हा त्यांचा धंदा. स्वतःला ते सल्लागार म्हणवत. हरकतीची गोष्ट काढताच त्यांचा चेहरा पडला.

“बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. मी अर्जदारांकडून कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवतो. काही राहिलं तर पुन्हा बोलवावं लागत नाही. चुकीचं आहे, कळतं मला.”

“मेकॅनिकच्या किती?”

“तीन.” त्यांनी घाम पुसत फाइल काढली. “दोन वापरल्या, पत्ता बदलला तेव्हा; या त्यांच्या पोचप्रती. ही तिसरी. बघा. मोजून घ्या.”

बाईंनी तिन्ही कागद पाहिले. पूर्ण लांबीचे. सही तीच, तशीच ऐटबाज, पण शेजारी वेळ नव्हती. एकावरही नव्हती.

“तुम्ही सहीसोबत वेळ टाकायला सांगता का कोणाला?”

“वेळ? छे! इथे लोक तारीख विसरतात.”

तिथून त्या भिंगांच्या वर्कशॉपवर गेल्या. पाच मजली जुनी इमारत, वर्कशॉप शेवटच्या मजल्यावर. मालकांनी लिफ्टपर्यंत येऊन त्यांचं स्वागत केलं. गोड माणूस. हात चोळत बोलायची सवय.

“भलतंच झालं हो! पोरीच्या हातात जादू आहे. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिच्या भिंगांसाठी येतात. पण घाबरू नका. तो अर्ज राहिला तर राहिला, माझ्याकडचा परवाना आहेच. मी तीन वर्षांच्या नूतनीकरणाचा फॉर्म कधीचाच भरून ठेवलाय.” त्यांनी टेबलावरचा फॉर्म दाखवला आणि लगेच ड्रॉवरमध्ये सरकवला.

“परवान्यावर ती फक्त तुमच्याकडेच काम करू शकते, नाही का?”

“कायदा आहे तसा. आपण काय करणार!”

“कायम वास्तव्य मिळालं असतं तर कुठेही करता आलं असतं. स्वतःचंही काही काढता आलं असतं.”

“अर्थात. मी तर आशीर्वादच दिला होता. तिने मला सांगितलं होतं तिच्या वर्कशॉपचं.” मालकांनी पुन्हा हात चोळले. “सुनावणीला साक्षीदार लागत असतील तर मला सांगा. लग्न खरं आहे, हे मी छातीठोकपणे सांगेन. दोघांची ओळख याच इमारतीत झाली. तो इथली लिफ्ट बघायला यायचा, अजूनही येतो.”

खाली जाताना बाई लिफ्टमध्ये एकट्याच होत्या. दाराशेजारी क्लिपला कागदांचा एक गठ्ठा अडकवलेला होता, दर महिन्याच्या तपासणीचा. बाईंनी वरचा कागद उलटून पाहिला. सही. सहीशेजारी बारीक आकडे. ०९:१५.

त्यांनी आणखी एक उलटला. ११:०५.

लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं. बाई आतच होत्या.

५

मेकॅनिक एका दवाखान्याच्या गच्चीवर सापडला, लिफ्टच्या मोटारीखाली आडवा. बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते आणि डोळे लाल.

“ती माझ्यावर संशय घेते,” तो म्हणाला. “तोंडाने म्हणत नाही. पण सही बघितल्यापासून माझ्याकडे बघतच नाही.”

“तुझ्या सहीशेजारी वेळ कोण लिहितं?”

“मीच. तपासणीच्या पत्रकावर लिहावीच लागते, कंपनीचा नियम. दुसरीकडे कुठे नाही.”

“पत्रक कसं असतं?”

त्याने पिशवीतून वही काढली. वरच्या दोन बोटांत कंपनीचं नाव, इमारत आणि तारीख. मधला सगळा भाग काही दोष आढळला तर लिहायला. तळाशी सही आणि वेळ. “दोष नसेल तर मधे कोरंच सोडतो. वरचं पान इमारतीत लावायचं, खालची कार्बन कॉपी वहीत राहते.”

बाई पायरीवर बसल्या. वरची दोन बोटं कापली की हातात काय उरतं? एक कोरा कागद आणि तळाशी खरीखुरी सही. बायकोने नवऱ्याची सही ओळखली होती ती बरोबरच. सही त्याचीच होती. पत्र त्याचं नव्हतं.

“दहा चाळीस शोध. गेल्या तीन महिन्यांतलं.”

पानं उलटत काळी बोटं थांबली. बाईंनी पर्समधून कचेरीतून घेतलेला माघारीच्या पत्राचा झेरॉक्स काढला, कार्बन कॉपी त्याच्यावर ठेवली आणि दोन्ही कागद उन्हाकडे धरले. एकही माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करू शकत नाही. इथे रेष रेषेवर बसली, फाटा फाट्यावर, चाळीसमधलं शून्यसुद्धा शून्यावर. पत्रकाच्या डोक्यावर भिंगांच्या वर्कशॉपच्याच इमारतीचा पत्ता होता.

“पण बाई,” मेकॅनिक म्हणाला, “त्या इमारतीत पाच मजल्यांवर नऊ धंदे आहेत. क्लिप लिफ्टमध्येच असते. कोणीही कागद काढू शकतं.”

तेच तर. कार्बन इमारतीपर्यंत नेत होता, माणसापर्यंत नाही. माणसापर्यंत नेणारी एकच गोष्ट होती, ती उलटी लिहिलेली जन्मतारीख. ती पुढे करायची तर आधी सुनावणीत उभं राहून सांगावं लागणार होतं की ही चूक माझी, मी ती केली आणि मी ती लपवली.

गुरुवारची सगळी दुपार शिक्केबाई आपल्या टेबलाशी काही न करता बसून होत्या. एकतीस वर्षांची अब्रू एका पारड्यात. दुसऱ्यात एक मुलगी, जिचं घर, नवरा, हात सगळं याच देशात होतं. तराजू हलायला वेळ लागला, हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही. पण हलला तेव्हा त्या उठल्या आणि तिन्ही घरी निरोप पाठवले, ‘उद्या अकराला साक्षीला या. लग्न खरं आहे असं सांगायचंय.’

६

सुनावणीच्या साहेबांना सर्दी झाली होती. ते नाक पुसत आले, फाइल उघडली आणि म्हणाले, “सही जुळते, फाइल क्रमांक जुळतो. तुमचं म्हणणं काय?”

“आधी साक्षीदारांचे फॉर्म भरून घ्यावेत,” शिक्केबाई म्हणाल्या. “नियमच आहे.”

नियम होता. ताई, अर्जमास्तर आणि मालक, तिघांपुढे एकेक फॉर्म आला. साक्षीदाराचं नाव, अर्जदाराशी नातं, अर्जदाराचं नाव, जन्मतारीख. ताईंनी फटाफट लिहून पेन आपटलं. अर्जमास्तरांनी आपली फाइल उघडून पाहून लिहिलं. मालकांनी बॅगेतून नूतनीकरणाचा फॉर्म काढला, त्यावरून तारीख उतरवली आणि हसून कागद पुढे केला.

बाईंनी तिन्ही फॉर्म साहेबांपुढे एकाखाली एक लावले. “चौथा रकाना बघावा.”

साहेबांनी पाहिलं. मग माघारीचं पत्र उचलून पाहिलं. त्यांची सर्दी एकदम थांबल्यासारखी झाली.

“दोघांनी चार तारीख, अकरावा महिना लिहिलाय. मालकांनी अकरा तारीख, चौथा महिना. पत्रातही तसंच आहे.”

“अहो, नोकराची जन्मतारीख कोणाच्या लक्षात असते!” मालक हसले. “चूक कोणाचीही होऊ शकते.”

“होऊ शकते,” शिक्केबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. “ही चूक माझी आहे.”

भिंगवालीने मान वर केली.

“वर्षापूर्वी हिच्या जन्मदाखल्याच्या भाषांतरात मी तारीख आणि महिना उलटे लिहिले. तीन दिवसांत बदलून दिले. पण बदलताना खरं कारण सांगितलं नाही, शिक्क्यावर ढकललं. लाज वाटली म्हणून. चुकीचा कागद मी फाडला. त्या तीन दिवसांत तो तीन ठिकाणी जाऊन आला होता. ताईंच्या कपाटात आणि अर्जमास्तरांकडे नंतर बरोबर दाखला गेला, त्यांनी जुना विसरून नवा धरला. एकाच ठिकाणी जुन्याचा झेरॉक्स राहिला, कारण तिथे नवा कोणी नेऊन दिलाच नाही. मालकांच्या परवान्याच्या फाइलमध्ये.”

“यात काय सिद्ध होतं?” मालकांचे हात आता चोळले जात नव्हते. “सही तर नवऱ्याची आहे! तो स्वतः म्हणू दे नाही म्हणून!”

“नाही म्हणणार नाही. सही त्याचीच आहे.” बाईंनी कार्बनची वही उघडून साहेबांपुढे ठेवली. “तुमच्या इमारतीच्या लिफ्टच्या तपासणीची. दहा वाजून चाळीस मिनिटं. पत्राचा कागद दोन बोटं आखूड का आहे तेही कळेल. मूळ पत्र यावर ठेवून खिडकीला लावावं.”

साहेब स्वतः उठले. खिडकीच्या काचेवर त्यांनी दोन्ही कागद हाताने दाबून धरले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

“फाइल क्रमांक त्यांना कसा कळला?” त्यांनी न वळता विचारलं.

“नोकरीचं प्रमाणपत्र त्यांनीच दिलं होतं, साहेब,” भिंगवाली पहिल्यांदाच बोलली. “त्यावर क्रमांक घालावा लागतो. मी माझ्या हाताने लिहून दिला होता त्यांना. आणि भांडणाचंही मीच सांगितलं. डोळे सुजलेले बघून त्यांनी विचारलं, मला वाटलं काळजीने विचारतायत.”

मालक खुर्चीतून अर्धवट उठले. “तू गेली असतीस तर माझं काय राहिलं असतं?” ते तिला म्हणाले. गोडवा पार उडून गेला होता. “काम मी शिकवलं तुला!”

“काम मी शिकून आले होते,” ती म्हणाली. “तुम्ही मला जागा दिलीत, त्याबद्दल आभार मानत आले चार वर्षं. आता संपलं.”

मेकॅनिकने टेबलाखाली तिचा हात धरला. ग्रीस अजून नखांत होतं. तिने हात काढून घेतला नाही, उलट दुसराही त्यावर ठेवला.

साहेबांनी शिपायाला बोलावून मालकांना शेजारच्या खोलीत बसवायला सांगितलं, खोट्या कागदाच्या चौकशीसाठी. मग खुर्चीत बसून ते शिक्केबाईंकडे वळले.

“तुमच्या चुकीची नोंद मला तुमच्या परवान्यावर करावी लागेल.”

“करा.”

“एकतीस वर्षांत पहिली दिसतेय.”

“पहिली सापडलेली,” बाई म्हणाल्या. आणि कित्येक दिवसांनी त्यांना मोकळा श्वास आला.

साहेब लिहू लागले. फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाले, “दोघं समोर आहातच, तर मुलाखतही आत्ताच उरकू. पुन्हा कशाला खेटे? सांगा, तुमचा नवरा सकाळी उठल्या उठल्या काय करतो?”

“मी उठेपर्यंत माझ्या चपला शोधतो,” भिंगवाली म्हणाली. “मी त्या कुठेही काढते. त्याचं म्हणणं, या घरात लिफ्टपेक्षा चपलांची देखभाल जास्त करावी लागते.”

“आणि बायको रागावली की?”

“गप्प बसते,” मेकॅनिक म्हणाला. “मग मी तिच्या चष्म्याचा स्क्रू सैल आहे म्हणून तो घट्ट करायला घेतो. नसतो सैल. तिलाही माहीत असतं.”

“खोटं बोलतो,” ताई मागून ठणकावून म्हणाल्या. “रागावली की आधी माझ्याकडे येऊन बसतो. मी हाकलून दिल्यावर मग स्क्रू!”

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. सर्दी की हसू, ते कोणाला कळलं नाही. पण शेवटच्या पानावर त्यांनी जे लिहिलं ते सगळ्यांना उलटंसुद्धा वाचता आलं. मंजूर.

अर्जमास्तर सगळ्यात आधी उठून टाळ्या वाजवू लागले. मग आपल्या कपाटातल्या कोऱ्या सह्यांची आठवण झाली असावी, ते गपकन बसले. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या सगळ्या ज्याच्या त्याला परत केल्या, असं म्हणतात.

७

कायम वास्तव्यानंतर नागरिकत्वाला तीन वर्षं थांबावं लागतं. ती तीन वर्षं भिंगवालीला पुरली नाहीत, इतकं काम आलं. वर्कशॉप तिने ताईंच्या खालच्या मजल्यावरच काढलं, पडद्यांच्या मशीनशेजारी. एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला काच. जुन्या मालकांची गिऱ्हाइकं पत्ता विचारत विचारत आली. मालकांना दंड झाला, आणि परदेशी कामगार ठेवण्याची मुभा गेली. भिंगवालीने त्या निकालाचा कागद घरी आणला नाही.

नागरिकत्वाचा अर्ज तिने स्वतः भरला. चौदा पानं. शिक्केबाईंनी फक्त वाचून दिला, आणि वाचताना चष्मा दोनदा पुसला.

शपथेच्या दिवशी सभागृहात दोनशे माणसं होती आणि दोनशेंच्या दहा तऱ्हा. कोणी मुलं कडेवर घेतली होती, कोणी आईला खुर्चीसकट आणलं होतं. शपथ एका आवाजात म्हणायची होती, पण भिंगवालीचा आवाज सगळ्यांच्या पुढे एक शब्द पळत होता. शेवटचं वाक्य संपलं मात्र, ताई उठून इतक्या जोरात ओरडल्या की व्यासपीठावरचे पाहुणे दचकले. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून विचारलं, “तुमची कोण ती?”

“आमची,” ताईंनी सांगितलं, आणि पुढचा प्रश्न येऊ दिला नाही.

दारात एक कार्यकर्ती टेबल मांडून बसली होती. नवीन नागरिकांना मतदार नोंदणीचा फॉर्म देत होती. मेकॅनिक तो घेऊन कोपऱ्यात सरकला, शिक्केबाई पर्समध्ये पेन शोधू लागल्या, ताई म्हणाल्या खालचं बारीक आधी वाचा.

भिंगवालीने तिघांच्या मधून हात घालून फॉर्म काढून घेतला, भिंतीला टेकवला आणि पहिल्या रकान्यात आपलं नाव ठसठशीत लिहिलं.

“सरका जरा,” ती म्हणाली. “उजेड येऊ द्या.”